बोटभर कमानपाटे

देवणीच्या जलील मिस्त्रीला माणसांची तोंडं ध्यानात राहत नाहीत, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. लग्नाच्या मांडवात समोरून सख्खा व्याही आला तरी हा बाबा "कोणतं गाव?" विचारून मोकळा होतो. पण तुमच्या ट्रकचा मागचा डावा पाटा कोणत्या साली तुटला, आणि चवडीतला कितवा तुटला, ते विचारून बघा. चहा संपायच्या आत सांगेल, वर "तवाच म्हणलं होतं, खड्ड्यात ब्रेक मारू नको" हेही ऐकवेल. ट्रक दुकानापुढं थांबला की ड्रायव्हरला सलाम नंतर; आधी खाली वाकून चाकावरची लोखंडी चवड बघणार. सगळ्यात लांब पट्टी वर, तिच्याखाली एकेक आखूड होत गेलेल्या पट्ट्या, सगळ्या मिळून कमानीसारख्या वाकवलेल्या. हाच कमानपाटा. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यातली चव्वेचाळीस वर्षं ह्या माणसानं एवढी एकच गोष्ट केली. दुसरं काही येतं का म्हणून विचारलं की रागावतो.

दिवाळी नुकतीच सरली होती. कारखान्यांचे बॉयलर पेटायचे दिवस, म्हणजे जलीलच्या दुकानापुढं ट्रकांची रांग. ऊस काय कागदावर लिहिलाय तेवढाच भरतात थोडाच! जो तो मालक येतो आणि एकच म्हणतो, "मिस्त्री, दोन जास्तीचे घाल." कंपनीचे पाटे सात, वर दोन जास्तीचे, हा इकडचा रिवाज. आता तर कुणी न सांगताही जलीलचा हात आपसूक आठव्या-नवव्या पाट्याकडं जातो.

अशा गर्दीत एक तिशीतली बाई स्कूटीवरून आली. पायापाशी एक मोठा पुठ्ठ्याचा खोका.

"चाचा, मी उज्वला. शिरूर अनंतपाळच्या शेषेरावांची मुलगी."

जलील तिच्या तोंडाकडं नुसता बघत राहिला. मग तिनं वडिलांच्या ट्रकचा नंबर सांगितला, तसा त्याचा चेहरा फुलला.

"अगं, मग आधी तसं सांग की! म्होरं सात, मागं नऊ. सव्वीस वर्षं ती गाडी माझ्याच हाताखालून गेली. मालक कसे हायत?"

उज्वलानं खोका खाली ठेवला. मालक बरे नव्हते. आषाढात झटका आला, उजवी बाजू गेली. पाय जरा आला, काठी धरून मोरीपर्यंत जातात. हात मात्र मांडीवर पडून असतो. बोलणं एका शब्दाचं. ट्रक तर विकलाच. ती नांदेडला एका लॅबमध्ये नोकरी करते, दर रविवारी घरी येते आणि दर रविवारी तो हात तसाच बघते.

"डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांत हात आला तर आला, पुढं लई अवघड. चार तर गेले, चाचा. चेंडू दाबा म्हणलं तर दाबत नाहीत. मणी ओवा म्हणलं तर भिंतीकडं तोंड करतात. ज्याच्यात ह्यांचा जीव आहे असं काहीतरी हातात द्या म्हणले. म्हणून मी हे मागवलं."

खोक्यातून निघाला ट्रक. दोन फुटांना थोडा कमी, खऱ्याच्या चौदापट लहान, पण केबिन, आरसे, मागचा हौदा, डिझेलची टाकी, सगळं जिथल्या तिथं. सोबत पिस्तुलासारखा रिमोट. डाव्या हातानं धरायचा, त्याच हाताच्या बोटानं घोडा दाबला की गाडी पळते. आणि उजव्या अंगाला एक छोटं चाक, ते उजव्या हातानं फिरवलं की गाडी वळते. उज्वलाचा सगळा डाव त्या छोट्या चाकावर होता, हे जलीलला तिनं न सांगता कळलं.

"मग? काय म्हणले मालक?"

"एकदा चालवली. रिमोट दोन गुडघ्यांत धरला, अन् डाव्या हातानंच सगळं केलं. घोडा दाबायचा, सोडायचा, मग चाक फिरवायचं. गाडी अंगणातून चार हात गेली. एकच शब्द बोलले, 'नाचती.' अन् रिमोट सरकवून दिला. त्याला आता तीन आठवडे झाले."

जलील मांडी घालून खालीच बसला. ट्रक उलटा केला. चारी चाकांवर पेनात असतात तसल्या स्प्रिंगा. त्यानं गाडी सरळ करून हौदा तळव्यानं दाबला, सोडला. गाडी वर गेली, खाली आली, परत वर, परत खाली.

"बरोबर बोलले की मालक! हाव, नाचतीच ही. स्प्रिंगला एकदा डिवचलं की तिचं नाचणं तिलाच आवरत न्हाई. पाट्याचं तसं नसतं, बेटा. पाट्यावर पाटा घासतो, त्या घासण्यात सगळा जोर जिरून जातो. एकदा वाकतो, एकदा उठतो, अन् गप्प. लोकं म्हणतात पाटा जुनाट. म्हणू द्या! स्प्रिंगा गादीत घाला म्हणावं."

"मग ह्याला पाटे होतील, चाचा?"

खरं तर रांगेत सहा ट्रक उभे होते. पण जलीलनं त्या छोट्या चाकाकडं एकदा आणि उज्वलाकडं एकदा बघितलं.

"ठेवून जा. दुसऱ्या रविवारी मीच घेऊन येतो."

रांगेतल्या ड्रायव्हरांची तोंडं बघण्यासारखी झाली. चव्वेचाळीस वर्षांचा मिस्त्री, कानाला पेन्सिल, आणि खेळण्याच्या बुडाखाली सुतानं मापं घेतोय! एक जण म्हणाला, "मिस्त्री, त्याची पासिंग कधी हाय?" जलीलनं वर बघितलंसुद्धा नाही.

त्याला खरोखरच गोडी लागली होती. खऱ्या पाट्याची जाडी चौदानं भागली तर लोखंड कापायच्या आरीच्या पानाएवढी जाडी निघाली. झालं! जुनी आरीपानं डबाभर पडली होती. पण आरीचं पान म्हणजे कडक पोलाद, वाकवायला गेलं की काडकन तुटतं. चार तुटली. मग त्यानं पानं भट्टीत लाल केली, राखेत हळूहळू निवू दिली, मऊ झाल्यावर दात घासून काढले, कमान दिली, परत लाल करून तेलात विझवली. मोठ्या पाट्याला भट्टीचा जाळ चालतो, ह्या बोटभर पट्टीला तो जाळ म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत काम तमाम. म्हणून ठिसूळपणा घालवणारा शेवटचा निळसर रंग आणायला तो दुकानामागच्या घरात शिरला आणि बायकोच्या, बेगमबीच्या गॅसवर तवा ठेवून त्यावर पट्ट्या मांडून बसला.

"क्या जी," बेगमबी म्हणाली, "रोटी के तवे पे लोहा भून रहें?"

"चुप बैठ, रंग देखने दे."

सायकलच्या स्पोकला आटे पाडून पाटे आवळायचे यू-बोल्ट झाले. मधल्या बोल्टाचं भोक पाडताना बारीक ड्रिलची तीन टोकं मोडली, आणि तिन्ही वेळा जलीलनं ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण सहाव्या दिवशी चारी चाकांवर पाटे चढले. काय देखणे दिसत होते! लांबाखाली आखूड, आखडत आखडत गेलेले, वर काळ्या ग्रीसचं बोट फिरवलेलं. तो दुपारभर जमिनीला गाल लावून त्यांच्याकडं बघत होता.

संध्याकाळी त्यानं गाडी दुकानापुढच्या खडीवर सोडली. आणि गाडी टुणटुण उड्या मारू लागली. नाचत होती ते परवडलं म्हणायची वेळ. चाक खड्यावर चढलं की अख्खी गाडी आडवी फेकली जाई. पाटे कशाला हलताहेत! दगडासारखे ताठ.

जलीलचे दोन दिवस त्याच विचारात गेले. ट्रकांचं काम करी, पण मध्येच हातोडा ठेवून उभा राही. गाडी चौदापट लहान, पाटाही चौदापट लहान. माप सुताला सूत जुळतं. मग घोडं पेंड खातंय कुठं?

तिसऱ्या दिवशी बेगमबी चहा घेऊन आली. ट्रक फळीवर होता. तिनं वाकून मागच्या चाकाकडं बघितलं आणि बोटानं पट्ट्या मोजल्या.

"नौ? क्यों जी, इत्तीसी गाडी में गन्ना भरनेवाले क्या?"

जलीलच्या हातातली बशी कलंडली. या खुदा! त्यानं खरंच मागं नऊ-नऊ घातले होते. कुणी सांगितलं नव्हतं, हंगाम उसाचा, हात आपला चालत गेला. खेळण्याला ओव्हरलोडचे पाटे! दुसऱ्या मिस्त्रीनं असं केलं असतं तर जलीलनं त्याला गावभर मिरवलं असतं. स्वतःवरच तो इतका हसला की बेगमबी घाबरली.

पण दोन काढून सात केले तरी गाडी उडायचीच. म्हणजे नुसती सवयीची चूक नव्हती, आणखी काही होतं. आता त्याला चैन पडेना. किराणावाल्याच्या काट्यावर त्यानं ट्रक ठेवला. तीन किलो. शेषेरावांचा खरा ट्रक रिकामा सहा टन. सहा टनाला चौदानं भागलं तर सव्वाचारशे किलो व्हायला पाहिजेत, आणि ही सटवी तीन किलोची? कुठं गेलं सगळं वजन?

ते वजन त्याला न्हाणीत सापडलं. साबणाची नवी वडी होती. त्यानं सुरी घेऊन ती लांबीत अर्धी कापली, मग रुंदीत अर्धी, मग जाडीत अर्धी. हातात उरला तुकडा, सगळीकडून निम्मा, पण वडीचा आठवा हिस्सा! नुसतं निम्म्यानं लहान केलं तर वजन आठपट पळालं. चौदापट लहान केल्यावर मग काय राहणार? गाडी दिसायला चौदापट लहान, वजनाला हजारो पट हलकी. पाट्याचा जोर मात्र तेवढा उतरत नाही. बिचाऱ्या पाट्यांना वाकवायला वरून दाबणारं कुणीच नव्हतं. उभ्या आयुष्यात न पडलेला प्रश्न साबणानं सोडवला म्हणून जलील ओल्या हातानं बाहेर आला, आणि आठ तुकडे बघून बेगमबीनं त्याला जे सुनावलं ते त्यानं हसत ऐकून घेतलं.

मग एकेक पाटा उतरवत गेला. पाच ठेवले, चालवली. तीन ठेवले, चालवली. शेवटी प्रत्येक चाकावर एकच लांब पाटा राहिला आणि गाडी खडीवरून अशी अलगद गेली की जलील म्हणाला, "वा रे माझे राजे!" काढलेले पाटे त्यानं रुमालात बांधले. फेकायला मन होईना, एवढ्या मेहनतीचे होते.

रविवारी तो एसटीनं शिरूर अनंतपाळला गेला. मांडीवर खोका.

शेषेराव ओट्यावर खुर्चीत बसले होते. एवढा आडवातिडवा माणूस, स्टिअरिंगमागं मावत नसे, तो पार वाळून गेला होता. उजवा हात मांडीवर, तळवा वर, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. जलीलला तो बघवेना. तोंड विसरणाऱ्या ह्या माणसाला ते तोंड मात्र बघताक्षणी ओळखू आलं.

"मालक, पाटे घालून आणले. बघा तर."

उज्वलानं रिमोट दिला. सिंधुबाई, तिची आई, दारात येऊन उभी राहिली. शेषेरावांनी रिमोट गुडघ्यांत धरला, डाव्या हातानं घोडा दाबला. गाडी अंगणातून गेली. फरशीच्या भेगेवरून, विटेच्या तुकड्यावरून, कुठं हिसका नाही, उडी नाही. दाबणं, सोडणं, चाक फिरवणं, सगळं डाव्याच हातानं. गाडी थांबत थांबत वळली आणि परत आली. शेषेरावांनी रिमोट मांडीवरून खाली ठेवला.

"काय झालं, अण्णा? आता तर नाचत नाही ना?"

त्यांनी मान हलवली. ओठ जुळवायला बराच वेळ लागला.

"रिकामी," ते म्हणाले.

उज्वलाचे डोळे भरले. तिला वाटलं, अण्णा स्वतःबद्दल बोलताहेत. सिंधुबाईनं पदर तोंडाला लावला. पण जलील ताडकन उठला आणि त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"माझी अक्कल कुठं चरायला गेली होती! सव्वीस वर्षांत ह्या माणसानं रिकामी गाडी किती वेळा चालवली असंल, वहिनी? दोन-दोन दिवस निजामाबादला पडून राहायचे, पण भाडं मिळाल्याबिगर परत फिरायचे न्हाईत. अन् मी ह्यांना रिकामी गाडी बनवून आणून दिली! मी पाटे उतरवून राहिलो, उतरवून राहिलो. माल भरायचं डोक्यातच आलं न्हाई. वहिनी, सोयाबीन हाय का घरात?"

शेतकऱ्याच्या घरात दिवाळीनंतर सोयाबीन नसतं का! सिंधुबाईनं सूप भरून आणलं. हौदा भरला, वर शीग लावली. साडेतीन किलो तरी बसलं असेल. तेवढ्या वजनानं एकेकटे पाटे पार सपाट झाले आणि गाडीचं बूड चाकांवर टेकलं.

जलीलनं रुमाल सोडला. ओट्यावरच पान्हा काढून बसला. मागं चार-चार केले; दाबून बघितलं, अजून बसत होती. पाच-पाच केले. पुढं दोन. आता गाडी भारानं जराशी दबली होती, तरी पाट्यांची कमान शाबूत होती. हौदा दाबून सोडला, तर एकदा वाकली, एकदा उठली आणि गप्प राहिली. शेषेराव खुर्चीतून पुढं वाकून प्रत्येक बोल्ट आवळताना बघत होते. जलीलनं रिमोट पुढं केला, तर त्यांनी तो घेतला नाही.

"ताडपत्री."

"आँ?"

"ताड... पत्री."

"खरंच की! उघडा माल घेऊन कोण निघतं!"

सिंधुबाईनं जुन्या ब्लाउजपीसचा तुकडा फाडला, उज्वलानं सुतळीनं चारी बाजूंनी बांधला. शेषेरावांनी तो कडेकडेनं निरखला आणि मग डावा हात पुढं केला.

गाडी निघाली. ती आता हळू निघाली, कारण ओझं होतं. फरशीच्या भेगेवर पुढचं चाक उतरलं, तशी ती वाकली, मागचं उतरलं तशी परत वाकली, आणि शीग लावलेला हौदा एका बाजूला झुकून सावकाश सरळ झाला. शेषेरावांचं डोकंही तिच्याबरोबर तेवढंच झुकलं आणि सरळ झालं. ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. जलीलनं ते बघितलं, आणि त्याला वाटलं, हा माणूस आता खुर्चीत बसलेलाच नाही.

अंगणाला मोरीकडं उतार होता. कडेनं सांडपाण्याची नाली. भरलेली गाडी उताराला लागली आणि ओझ्यानं नालीकडं ओढू लागली. घोडा सोडावा तर ती तशीच खाली घसरणार, दाबून धरावा तर वळवायला हात नाही. डाव्या हाताला एका वेळी एकच काम येत होतं. पुढचं डावं चाक नालीच्या काठावर आलं, हौदा कलला, ताडपत्रीखालून दोन-चार दाणे घरंगळले.

"अहो, गेली, गेली!" सिंधुबाई ओरडली. उज्वला गाडी धरायला धावली. जलीलनं तिचं मनगट पकडलं.

"थांब. हात लावू नको."

"चाचा, पडंल ती!"

"पडू दे. थांब म्हणतो ना!"

शेषेरावांचा डावा हात घोड्यावर घट्ट होता. नजर चाकावर. आणि मांडीवरचा उजवा हात हलला. आधी खांदा वर आला, मग कोपर, मग मनगट ओढत ओढत पोटावरून वर सरकलं. बोटं मुडपलेली होती, उघडलीच नाहीत. त्यांनी मुडपलेल्या बोटांची पेरं त्या छोट्या चाकाला टेकवली आणि कापत कापत दाबली. चाक फिरलं. थोडंसंच फिरलं. गाडी नालीच्या काठावरून उजवीकडं वळली, मागचं चाक काठाला घासलं, कमान वाकली, उठली, आणि गाडी फरशीवर आली.

उज्वला तोंडावर दोन्ही हात धरून उभी होती. जलीलला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "मालक, तुमचा हात!" पण सांगितलं तर ते हाताकडं बघतील, आणि बघितलं तर तो परत खाली पडेल, ही भीती त्याला इतकी वाटली की त्यानं जीभ चावून धरली. शेषेरावांचं हाताकडं लक्षच नव्हतं. ते गाडीकडं बघत होते. कपाळावर घाम आला होता. गाडी अंगणाच्या मध्यावर आली आणि थांबली.

"मोंढा?" त्यांनी विचारलं.

लातूरचा मोंढा, धान्याचा बाजार. एवढं सोयाबीन भरलंय, ताडपत्री बांधलीय, तर गाडी जाणार कुठं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. उज्वला गोंधळून जलीलकडं बघू लागली. सिंधुबाई मात्र पदरानं डोळे पुसत, रिकामं सूप घेऊन अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, नालीच्या कडेला जाऊन बसली, आणि सूप जमिनीवर आपटून ओरडली, "मोंढा हितं हाय! आणा गाडी, माल उतरवायचा हाय."

शेषेरावांनी रिमोट नीट धरला आणि दोन्ही हातांनी गाडी तिकडं वळवली.